बुटवलचा महसूल आणि हिमालयाची सरहद्द

शेजारी राज्यांमधील सरहद्दीच्या युद्धांचा इतिहास वाचताना एक विसंगती वारंवार दृष्टीस पडते. ज्या गावांच्या नावाने युद्ध पुकारले जाते, त्या गावांची तहाच्या वेळी फारशी कोणाला आठवणही राहत नाही. आणि ज्या मुलखाविषयी आरंभी अवाक्षरानेही वाद नव्हता, तो मुलूख मात्र कायमचा दुसऱ्याच्या पदरात पडतो. ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळचे गोरखा राज्य यांच्यात १८१४ ते १८१६ या काळात झालेले युद्ध हे या विसंगतीचे ठळक उदाहरण होय. तराईतील बुटवल आणि स्यूराज हे दोन तालुके व बिहारातील सारण जिल्ह्याच्या कडेची २२ खेडी, एवढ्यांच्या वसुलावरून हे युद्ध जुंपले. आणि ते संपले तेव्हा काली नदीपासून सतलजपर्यंतचा सारा पहाड कंपनीच्या अमलाखाली किंवा आश्रयाखाली आलेला होता. मराठी वाचकाला तर या युद्धाचे अगत्य आणखी एका कारणाने असावयास हवे. ज्या लॉर्ड हेस्टिंग्जने ते लढविले, त्यानेच ते निकालात निघाल्यावर पुण्याकडे आणि नागपूरकडे मोर्चा वळविला, आणि पावणेदोन वर्षांच्या आत खडकीच्या माळावर तोफा वाजू लागल्या.

गोरखा हे मुळात काठमांडूच्या पश्चिमेस असलेले एक लहानसे डोंगरी संस्थान. तेथील राजा पृथ्वीनारायण शहा याने १७६८-६९ मध्ये काठमांडू, पाटण व भक्तपूर ही मल्ल राजांची तीन राज्ये जिंकून नेपाळचे खोरे आपल्या ताब्यात आणले. तो १७७५ मध्ये वारला, परंतु त्याने घालून दिलेला विस्ताराचा परिपाठ पुढे चालूच राहिला. गोरख्यांनी १७९० मध्ये कुमाऊँ घेतले, १८०४ मध्ये गढवालचा राजा प्रद्युम्न शहा यास देहरादूनजवळ ठार करून त्याचे राज्य खालसा केले, आणि पुढे अमरसिंग थापा या वृद्ध पण करारी सेनानीच्या हाताखाली सतलज ओलांडून थेट कांगड्याच्या किल्ल्यास वेढा दिला. या घोडदौडीमागे राजघराण्याची महत्त्वाकांक्षा होती, तितकीच लष्करी व्यवस्थेची निकडही होती. गोरखा शिपायास रोख तनख्याऐवजी जमिनीची जागीर मिळत असे. त्यामुळे फौज वाढवावयाची तर नवी जमीन हवी, आणि नवी जमीन मिळवावयाची तर आणखी फौज हवी, असे हे चक्र होते. सरंजामी पद्धतीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्या आपल्या लोकांस हे चक्र नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु प्रत्येक विस्ताराला कोठेतरी बांध लागतोच. तिबेटवर केलेल्या स्वाऱ्यांचा परिणाम म्हणून १७९२ मध्ये चीनचे सैन्य नुवाकोटपर्यंत खाली उतरले आणि काठमांडू दरबारास पेकिंगला दर पाच वर्षांनी नजराणा पाठविण्याचे कबूल करावे लागले. म्हणजे उत्तरेची वाट बंद झाली. पश्चिमेस रणजितसिंगाने १८०९ मध्ये कांगड्याचा किल्ला आपल्या पदरात पाडून घेतला आणि अमरसिंगास सतलजच्या अलीकडे परतावे लागले. पूर्वेस सिक्कीमचा पहाड तीस्तेपर्यंत आधीच पादाक्रांत झालेला. आता उरली ती दक्षिणेची तराई : पावसाळ्यात हिवतापाने माणसे पटापट मरत अशी, परंतु साल वृक्षांची जंगले, हत्ती आणि भाताची सुपीक जमीन यांमुळे डोंगरी राज्याला रोख पैसा मिळवून देणारी एकमेव पट्टी. या पट्टीच्या दुसऱ्या बाजूने तितक्याच नेमाने वर सरकत होती ती कंपनी सरकारची जमाबंदी.

युद्धाचे खरे मूळ या दोन सत्तांच्या हक्कविषयक कल्पनांमध्ये शोधावे लागते. तराईतील जुनी व्यवस्था अशी होती की, पहाडातला राजा हा आपल्या डोंगरात स्वतंत्र धनी असे, परंतु पायथ्याच्या सपाटीवरील काही गावे त्याच्याकडे अयोध्येच्या नवाबाचा जमीनदार या नात्याने असत. एकच माणूस वर राजा आणि खाली रयतेचा वसूल सरकारात भरणारा जमीनदार! गावे कोणाची, या प्रश्नाला तेथे एक उत्तर नव्हते. वसूल कोण घेतो, त्यातला हिस्सा कोणाला पोचतो आणि तंटा झाल्यास दाद कोठे मागावयाची, याची तीन निरनिराळी उत्तरे असत. निजामाच्या मुलखात दुअंमलीचा कारभार ज्या मराठ्यांनी पिढ्यानपिढ्या चालविला, त्यांना यात नवल वाटले नसते. पण १७९३ मध्ये बंगाल्यात कायमधारा बांधून बसलेल्या इंग्रजी दप्तराला असली संदिग्धता खपण्याजोगी नव्हती. त्याला प्रत्येक शेताचा धनी एक आणि प्रत्येक धन्याचा सार्वभौम एक, असा निर्विवाद हिशेब हवा होता.

बुटवलची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. पाल्पाचा राजा पृथ्वीपाल सेन हा बुटवलच्या सपाटीचा वसूल नवाबास देत असे. नवाबाने १८०१ मध्ये गोरखपूरचा इलाखा कंपनीस तोडून दिला, तेव्हा हा वसूलही कंपनीकडे आला. पुढे काठमांडू दरबाराने पृथ्वीपालास अटकेत ठेवून पाल्पा आपल्या राज्यात सामील केले व बुटवलची वहिवाटही सुरू केली. कंपनीचे म्हणणे असे की, पाल्पाचा डोंगर तुम्ही जिंकला असाल, पण बुटवल ही आमच्या हद्दीतील जमीनदारी आहे. नेपाळचे म्हणणे असे की, पाल्पाचे जे जे होते ते ते सर्व आता आमचे. हंगामी गव्हर्नर-जनरल सर जॉर्ज बार्लो याने स्यूराजवरील हक्क सोडण्याची तयारी दाखवून त्याच्या बदल्यात बुटवल मागितले; दरबाराने ते नाकारले, मात्र बुटवलचा वसूल जमीनदाराप्रमाणे कंपनीस भरण्याची तयारी दर्शविली. जुन्या रिवाजाप्रमाणे ही तडजोड अगदी सरळ होती. परंतु एक स्वतंत्र राजा आपल्या हद्दीत जमीनदार म्हणून नांदावा, ही कल्पनाच कलकत्त्याच्या कौन्सिलास मानवली नाही, आणि वाद चिघळत राहिला.

या मूळ कारणाला दुसरी कारणे येऊन मिळाली. तिबेटच्या पश्मिना लोकरीच्या व्यापाराची वाट आपल्या ताब्यात यावी, ही कंपनीची जुनी हौस होती. काठमांडूत राजा गीर्वाणयुद्ध अल्पवयीन असून सत्ता मुख्तियार भीमसेन थापा याच्या हाती होती, आणि दरबारातील प्रतिस्पर्धी घराण्यांसमोर नमते घेणे त्याला परवडणारे नव्हते. ऑक्टोबर १८१३ मध्ये आलेला नवा गव्हर्नर-जनरल हा त्यावेळी अर्ल ऑफ मॉइरा या नावाने ओळखला जाई, हेस्टिंग्ज हा किताब त्यास या युद्धानंतरच मिळाला. तो स्वतः लढवय्या असून हिंदुस्थानात दुसरी कोणतीही सत्ता कंपनीच्या तोडीची राहता कामा नये, अशा मताचा होता. मसलतीत मतभेद नव्हते असे नाही. कुमाऊँपासून सतलजपर्यंतचा मुलूख ज्याने तलवारीने मिळविला, त्या अमरसिंग थापानेच युद्धास विरोध केला. हा नवा मुलूख अजून मनाने आपला झालेला नाही, हे तो जाणून होता. उलट भीमसेनाचा युक्तिवाद असा की, यशवंतराव होळकरास आश्रय देणारा भरतपूरचा किल्ला माणसांनी बांधलेला असूनही लॉर्ड लेकला १८०५ मध्ये चार हल्ले करून घेता आला नाही, मग ईश्वरनिर्मित पर्वत हे लोक काय घेणार? मराठ्यांच्या युद्धातला एक प्रसंग हिमालयातल्या मसलतीत असा पुराव्यादाखल पुढे आला.

सारणच्या २२ खेड्यांची चौकशी करण्यासाठी मेजर ब्रॅडशॉ आणि नेपाळचे वकील यांची बैठक बसली, पण ती फिसकटली. मग कंपनीने बुटवल व स्यूराज सोडण्यासाठी २५ दिवसांची मुदत दिली आणि ती टळताच एप्रिल १८१४ मध्ये दोन्ही तालुके ताब्यात घेतले. पावसाळा जवळ आल्यामुळे हिवतापाच्या भीतीने फौज मागे बोलावण्यात आली आणि तेथे राहिली ती केवळ पोलिसांची ठाणी. २९ मे रोजी गोरख्यांनी या ठाण्यांवर छापा घातला. मुख्य ठाण्यातील १८ शिपाई पडले आणि शरण आलेला दरोगाही ठार झाला. पावसाळाभर खलिते जात-येत राहिले. १ नोव्हेंबर १८१४ रोजी युद्धाची रीतसर घोषणा झाली.

मॉइराने चार वाटांनी सुमारे २२,००० फौज पाठविली. गोरख्यांचे कवायती सैन्य याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तेही सातशे मैलांच्या पहाडावर विखुरलेले. असे असूनही पहिल्या चार महिन्यांत कंपनीच्या चार सेनापतींपैकी तिघांची फजिती झाली. त्यांतील देहरादूनजवळच्या नालापाणीचा प्रसंग क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. एका टेकडीवर घाईघाईने रचलेल्या, धड पुरी न झालेल्या गढीत बलभद्र कुंवर हा तरुण कप्तान बायकामुले धरून सुमारे ६०० माणसांनिशी होता. वेलोर आणि जावा येथे नाव कमावलेला जनरल जिलेस्पी ३१ ऑक्टोबर रोजी, म्हणजे रीतसर घोषणेच्या आदल्याच दिवशी, तिच्यावर चालून गेला आणि तटापासून काही पावलांवर गोळी लागून पडला. २७ नोव्हेंबरचा दुसरा हल्लाही परतवला गेला. या दोन हल्ल्यांत कंपनीची जखमी व मृत मिळून सातशेहून अधिक माणसे खर्ची पडली. म्हणजे गढीत होती त्याहूनही अधिक! अखेर तोफांनी तट ढासळविला आणि गढीबाहेरच्या झऱ्याचे पाणी तोडले, तेव्हा ३० नोव्हेंबर रोजी बलभद्र उरलेल्या सुमारे ७० जणांसह वेढा फोडून निघून गेला. वेढा चालू असताना एक गोरखा शिपाई हात हालवीत गढीतून खाली आला. गोळ्याने त्याचा जबडा फुटला होता. इंग्रज वैद्यांनी त्याच्यावर उपचार केले, आणि बरा झाल्यावर त्याने पुन्हा आपल्या लोकांत जाऊन लढण्याची परवानगी मागितली, अशी नोंद समकालीन इंग्रज प्रवासी फ्रेझर याने करून ठेवली आहे. त्या ठिकाणी कंपनीने पुढे दोन स्तंभ उभारले, एक आपल्या मृतांचा आणि दुसरा शूर शत्रू म्हणून बलभद्राच्या सैन्याचा. शत्रूच्या पराक्रमाचे स्मारक विजेत्यानेच उभारल्याचे असे प्रसंग इतिहासात विरळा.

बाकीच्या आघाड्यांची गत याहून निराळी नव्हती. बुटवलच्या रोखाने निघालेला जनरल वुड जितगढी येथे उजीरसिंग थापाकडून मार खाऊन मागे सरला. थेट काठमांडूवर जाण्यासाठी ८,००० लोक ज्याच्या हाताखाली दिले होते, त्या जनरल मार्लेची पर्सा आणि समनपूर ही ठाणी १ जानेवारी १८१५ रोजी लुटली गेली, आणि १० फेब्रुवारीच्या रात्री हा सेनापती कोणालाही अधिकार न सोपविता छावणीतून चक्क निघून गेला.

अपवाद एकच, डेव्हिड ऑक्टरलोनी. अमेरिकेतील बोस्टन येथे जन्मलेल्या या गृहस्थाने १८०४ मध्ये होळकराच्या वेढ्यातून दिल्ली राखली होती, आणि हिंदी युद्धाची नाडी त्याला अचूक कळली होती. गढ्यांवर धडका मारून माणसे गमावण्याऐवजी त्याने डोंगर फोडून रस्ते केले, हत्तींकरवी अठरा पौंडी तोफा वर चढविल्या, प्रत्येक पावलावर मेढेकोट रचला आणि पहाडी राजांना सनदांचे आमिष दाखवून फोडले. १६ एप्रिल १८१५ रोजी देवथल येथे सत्तरी ओलांडलेला भक्ती थापा हा सरदार तोफांवर तुटून पडला आणि कामी आला. त्याचा देह शालीत गुंडाळून ऑक्टरलोनीने त्याच्या लोकांकडे पोचता केला. तिकडे कुमाऊँत, एके काळी होळकरांच्या पदरी चाकरी केलेला कर्नल गार्डनर पठाणांची शिबंदी घेऊन घुसला, कर्नल निकोल्सची फौज त्याला मिळाली आणि एप्रिलअखेर अल्मोडा पडले. आता अमरसिंगाची पूर्वेकडची वाटच तुटली. १५ मे रोजी त्याने मलौनचा किल्ला खाली केला, आणि आपल्या शस्त्रांनिशी मानाने कालीपलीकडे गेला. युद्धाला आरंभी विरोध करणाऱ्या याच म्हाताऱ्याने युद्ध अंगावर आल्यावर मात्र अपमानास्पद तह करू नये म्हणून दरबारास कळकळीचे पत्र लिहिले होते. ते वाटेतच इंग्रजांच्या हाती लागले.

येथे एक प्रश्न मराठी मनात आल्यावाचून राहत नाही. १८१५ च्या जानेवारीत कंपनीच्या फौजा उत्तरेत जागोजाग मागे हटत होत्या, तेव्हा इतर सत्ता काय करीत होत्या? नेपाळ दरबाराने शिंदे आणि रणजितसिंग यांच्याशी संधान बांधण्याची खटपट केली, आणि तशी जूट होईल या धास्तीने कलकत्त्यास काळजीही पडली होती. पण ग्वाल्हेर हालले नाही, लाहोर तटस्थ राहिले, पेकिंगहून मदत आली नाही. पुण्यात बाजीरावाचे लक्ष गायकवाडाच्या देण्याघेण्यात गुंतले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास गायकवाडाचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा खून झाला आणि त्या संशयावरून बाजीरावाच्या मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्याच्या अटकेचे प्रकरण उभे राहिले. कंपनीला पैसा पुरविला तो मात्र एका हिंदी राजानेच : अयोध्येचा नवाब गाजीउद्दीन हैदर याने दोन हप्त्यांत प्रत्येकी एक कोट रुपये कर्जाऊ दिले. दुसऱ्या कोटीची फेड कंपनीने नेपाळकडून घेतलेल्या तराईचा एक तुकडा नवाबास देऊन केली. म्हणजे एका शेजाऱ्याच्या पैशाने दुसऱ्या शेजाऱ्याची जमीन घ्यावयाची आणि तीच पहिल्यास विकावयाची, असा हा चोख व्यवहार झाला.

चंपारणातील सुगौली येथे २ डिसेंबर १८१५ रोजी तहनामा ठरला. नेपाळतर्फे गजराज मिश्र आणि चंद्रशेखर उपाध्याय यांनी त्यावर सही केली, परंतु दरबाराने त्यास मान्यता देण्याचे टाळले. तेव्हा फेब्रुवारी १८१६ मध्ये ऑक्टरलोनी एका बिनपहाऱ्याच्या नाल्यातून रातोरात चुरियाचा डोंगर ओलांडून मकवानपुरापर्यंत गेला. २८ फेब्रुवारीस तेथे लढाई झाली आणि ४ मार्च रोजी दरबाराची लाल मोहोर लागलेला तहनामा त्याच्या छावणीत दाखल झाला. या तहाच्या नऊ कलमांनी काली नदीच्या पश्चिमेचा सर्व मुलूख, मेचीच्या पूर्वेचा पहाड आणि तराईचा बहुतेक भाग नेपाळने सोडला, म्हणजे राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला. तराईतील जागिरी बुडालेल्या सरदारांना सालीना दोन लाख रुपये देण्याचे कंपनीने मान्य केले. युरोपीय वा अमेरिकन माणूस कंपनीच्या संमतीवाचून चाकरीस ठेवणार नाही, असे नेपाळने लिहून दिले. आणि दरबाराला सर्वांत झोंबणारे कलम म्हणजे काठमांडूस इंग्रज रेसिडेंट येऊन बसला.

आता मौज पाहावी. रेसिडेंटाने थोड्याच काळात ओळखले की तराई सांभाळणे जड आहे आणि दोन लाखांची नेमणूक त्याहून जड. म्हणून डिसेंबर १८१६ मध्ये एका याददास्तीने कोसीपासून राप्तीपर्यंतची तराई नेपाळला परत देण्यात आली व त्या बदल्यात नेमणूक बंद झाली. परत दिलेल्या मुलखात बुटवल आणि स्यूराज यांची नावे स्पष्ट नोंदलेली आहेत. ज्यांच्यासाठी रक्त सांडले, ते दोन्ही तालुके दोन वर्षांनी एका कागदावर मूळ दाव्याप्रमाणे नेपाळकडे गेले आणि आजही नेपाळात आहेत. परत मिळाले नाहीत ते कुमाऊँ, गढवाल आणि सिरमूर, ज्यांच्याविषयी १८१४ मध्ये कोणी तक्रारही केली नव्हती.

या युद्धाची फळे पुष्कळ दूरवर पोचली. गढवालचा पश्चिम भाग सुदर्शन शहास मिळून टिहरीचे संस्थान झाले, आणि देहरादून कंपनीने स्वतःकडे ठेवले. शिमला, मसुरी, नैनिताल ही गिरिस्थाने याच मुलखात वसली. मलौनच्या शरणागतीनंतर अमरसिंगाच्या शिपायांतून नासिरी, तसेच सिरमूर आणि कुमाऊँ या पलटणी उभ्या राहिल्या. याच परंपरेतील दहा गोरखा रेजिमेंटांपैकी १९४७ मध्ये सहा भारताकडे व चार ब्रिटनकडे गेल्या. नालापाणीचा बलभद्र रणजितसिंगाच्या चाकरीत गेला आणि १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत पडला. आपल्याकडे या युद्धाचे परिणाम तर लगोलग दिसले. तहास मान्यता मिळून तीन महिने होतात न होतात तोच मे १८१६ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेबाने तैनाती फौज पत्करली, जून १८१७ मध्ये बाजीरावाने पुण्याच्या तहावर सही केली, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. उत्तरेचा पहाड शांत झाल्यामुळेच हेस्टिंग्जला पेंढारी व मराठे यांच्याविरुद्ध एवढी मोठी फौज एकाच वेळी उभी करता आली.

तहनाम्यात एक उणीव मात्र राहून गेली. काली नदी ही पश्चिम सीमा ठरली, पण तिचा उगम कोणता, हे कलमात लिहिलेले नाही. लिपुलेख खिंडीकडून येणारा ओहोळ तिचे मूळ, असे भारताचे म्हणणे. लिंपियाधुरेकडून येणारा प्रवाह हीच खरी काली, असे नेपाळचे म्हणणे. आणि या दोहोंमधील कालापाणीचा त्रिकोण मे २०२० मध्ये नेपाळने आपल्या नव्या नकाशात दाखविल्यापासून हा वाद पुन्हा ऐरणीवर आला आहे.

एतावता या युद्धाविषयी निर्णय द्यावयाचा तर तो असा द्यावा लागेल की, बुटवलचा वाद सोडविण्यासाठी त्याची मुळीच गरज नव्हती, आणि जी सीमा त्याने आखली तीही त्याला धडपणे आखता आली नाही. महसुलाचा तंटा प्रतिष्ठेचा प्रश्न होऊ देण्यात दोन्ही दरबार सारखेच दोषी होते. परंतु त्या चुकीची किंमत नेपाळने आपल्या एक तृतीयांश राज्याने मोजली, आणि शेजारचे घर जळत असता आपापल्या तंट्यांत मग्न राहिलेल्या मराठी सत्तांनी पुढच्या दोनच वर्षांत आपल्या स्वातंत्र्याने मोजली.